ठिपक्यावर ठिपका

मिस्त्रींचा ठिपका म्हणजे शब्द होता. बोल्ट आवळून झाला की ते पाना खाली ठेवायचे, खिशातून नेलपॉलिशची छोटी बाटली काढायचे आणि झाकणाला असलेल्या इवल्याशा ब्रशनं पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यायचे. अर्धा बोल्टच्या डोक्यावर, अर्धा खालच्या पत्र्यावर. बोल्ट केसभर जरी हलला तरी ठिपका दुभंगायचा आणि लगेच कळायचं. ठिपका पडला की त्या बोल्टला पुन्हा हात लावायचा नाही, असा त्यांच्या गॅरेजचा नियम. तो आख्ख्या रस्त्याला पाठ होता. लोक गाडी न्यायला आले की बॉनेट उघडून आधी ठिपके बघायचे आणि मग मिस्त्रींची तब्येत विचारायचे.

बाटली मूळची त्यांच्या बायकोची. तिनं हौसेनं पांढरं नेलपॉलिश आणलं, एकदा लावलं, आणि चुना मळल्यासारखे हात दिसतात म्हणून बाटली केराच्या टोपलीत टाकली. मिस्त्रींनी ती गुपचूप उचलली. आतला रंग संपला तेव्हा त्यांनी तीत ऑइलपेंट भरला, तो संपला की पुन्हा भरला. बायको जाऊनही बरीच वर्षं झाली होती. बाटली मात्र अजून शर्टाच्या खिशात होती, आणि तिच्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाला तळाशी पांढरा डाग होता.

त्यांना एकच मुलगी. तिला सगळे बारकी म्हणायचे, कारण लहानपणी तिचा हात इंजिनाच्या मागं कुठंही शिरायचा आणि पडलेला नट बिनबोभाट बाहेर यायचा. बारकी आता चाळिशीपुढं गेली होती, अंगानं चांगली भरली होती, आणि गॅरेज तीच चालवत होती. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. ते काही तेल मारून सुटत नाही.

गेल्या वर्षभरात मिस्त्री विसरायला लागले होते. चहा पिऊन कप खाली ठेवायचे आणि चहा अजून का नाही म्हणून विचारायचे. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचे. पण हे तर धडधाकट माणसंही करतात, असं म्हणून बारकीनं ते सोडून दिलं. मग एक दिवस त्यांनी बायकोला हाक मारून पान वाढायला सांगितलं, आणि उत्तर आलं नाही म्हणून रुसून भिंतीकडे तोंड करून बसले. त्या दिवशी बारकी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, आणि हे वाढत जाणार असंही सांगितलं. बारकीनं एकच विचारलं, काम करू देऊ का?

"हात चालतायत तोवर करू द्या," डॉक्टर म्हणाले. "पण लक्ष ठेवा."

तिनं त्यातलं पहिलं वाक्य जिवाशी धरलं आणि दुसऱ्याकडे सोयीनं कानाडोळा केला. बाबांचं डोकं विसरेल, हात विसरणार नाहीत, असं ती स्वतःला बजावत राहिली. आणि खरंच, त्यांच्या हातात पाना आला की ते पूर्वीचेच मिस्त्री दिसायचे. ठिपका देताना बोट जराही थरथरायचं नाही. पांढरा ठिपका दिसला की बारकीही पुढच्या कामाला लागायची. सगळा रस्ता ज्याच्यावर भरवसा ठेवतो त्याच्यावर मुलीनं संशय घ्यायचा म्हणजे जरा अतीच झालं असतं.

शाळांना सुटी लागली तेव्हा व्हॅनवाल्या मावशींनी आपली गाडी गॅरेजात आणून लावली. मावशी शाळेच्या मुलांची ने-आण करायच्या. त्यांच्या गल्लीत गाडीला जागा नव्हती, आणि सुटीत त्या आपल्या लेकीकडे राहायला जायच्या. जाताना म्हणाल्या, "फार काही नको. पुढची चाकं मागं, मागची पुढं तेवढी करून ठेवा. बाकी गाडी मिस्त्रींच्याच हातातली आहे."

शाळा उद्या उघडणार म्हणून त्या दिवशी सकाळी बारकीनं व्हॅन चालू करून बघितली, तर बॉनेटखालून बारीक शिट्टी ऐकू आली. एअर फिल्टरचा डबा तडकला होता. इंजिनाला लागणारी हवा या डब्यातून गाळून जाते. इथं तर ती फिल्टरला वळसा घालून चिरेतून धुळीसकट आत घुसत होती. प्लॅस्टिक जुनं झालं असेल, असं म्हणून तिनं पार्टवाल्याला फोन केला, आणि दुपारपर्यंत नवा डबा आला. मिस्त्री तेव्हा जेवून झोपले होते. घर गॅरेजच्या मागंच होतं, मधे एक फरसबंद अंगण आणि कपडे वाळत घालायची दोरी.

काम तसं पोरखेळ होतं. क्लिपा सोडायच्या, वरचं झाकण काढायचं, फिल्टर बाजूला ठेवायचा, नळी ढिली करायची. मग चार बोल्ट काढले की डबा हातात येतो. बारकीनं गाणं गुणगुणत सुरुवात केली आणि पहिल्याच बोल्टपाशी गाणं थांबलं, कारण पाना डोक्यावर नीट बसेचना. बोल्टवर मिस्त्रींचा ठिपका होता. पण ठिपका कसला, चांगला हरभऱ्याएवढा गोळा होता. "रंग फुकट आलाय वाटतं," ती पुटपुटली, आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं तिनं तो खरवडून काढला.

पाना बसला, पण बोल्ट हलला नाही. तिनं गंज सोडवायचं तेल मारलं, जरा थांबली, हातोडीनं हलके ठोके दिले. तरी ढिम्म. मग तिला वडिलांची शिकवण आठवली. ते म्हणायचे, हट्टाला पेटलेला बोल्ट आधी थोडा आवळायचा आणि मग सोडवायचा. त्याला वाटतं, आपलंच ऐकलं. ही युक्ती बहुतेक वेळा लागू पडायची. आज तिनं पाना आवळायच्या बाजूला दाबला, तर तिकडं जायला जागाच नव्हती. बोल्ट जेवढा जाऊ शकतो त्याच्याही पुढं कोणीतरी त्याला नेला होता. तिनं पान्याला लांब नळी लावली, दोन्ही हातांनी जोर दिला, आणि टक्कन आवाज होऊन बोल्टचं डोकं तुटून बॅटरीमागं जाऊन पडलं.

दुसऱ्या बोल्टचे कोपरे पान्यानं घासून गोल झाले. त्याला तिनं पकडीनं धरून, दात-ओठ खात काढला. तिसरा किंचाळतच आला आणि येताना खालच्या पट्टीतले आटे चांदीच्या तारेसारखे गुंडाळून घेऊन आला. चौथा पार खाली, बॅटरीच्या आड होता. लहानपणी तिचा हात तिथं सहज गेला असता. आता मनगटाशीच अडकला, म्हणून बॅटरी काढावी लागली. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते आणि तोंडातून काय काय निघत होतं ते इथं सांगण्यासारखं नाही. एअर फिल्टरच्या डब्याचे बोल्ट कधी कोणी असे आवळतं का? प्लॅस्टिकचा डबा आहे, पुलाचा खांब नव्हे. तिची खात्रीच पटली की मावशींनी मधे दुसऱ्या कुठल्या तरी गॅरेजवाल्याला गाडी दाखवली असणार. मनातल्या मनात तिनं त्या गॅरेजवाल्याचा उद्धार केला आणि मावशींचाही थोडा केला.

चौथा बोल्ट निघाला. त्याच्या डोक्यावरचा रंगाचा गोळा निसटून तिच्या तळहातावर पडला. टाकून द्यायला म्हणून ती हात झटकणार, तेवढ्यात तिला त्याची कड दिसली.

ती उजेडाला आली. गोळ्याला कांद्यासारखे पापुद्रे होते. पांढरा थर, त्यावर धुळीची बारीक काळी रेघ, पुन्हा पांढरा थर, पुन्हा रेघ. प्रत्येक थर मधोमध तडकलेला होता आणि त्याच्यावर पुढचा थर चढला होता. आवळला, ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळला, तेव्हा कालचा ठिपका फुटला, म्हणून त्यावर आज नवा दिला. बारकीनं थर मोजायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात मोजणं सोडून दिलं.

दुसरा गॅरेजवाला वगैरे कोणी नव्हता. मिस्त्री रोज पहाटे उठून गॅरेज झाडायला यायचे. म्हाताऱ्या माणसाला झोप नसते, तेवढाच विरंगुळा, असं ती म्हणायची आणि अंथरुणात कूस बदलायची. सुटीभर व्हॅन जागची हलली नव्हती. रोज पहाटे त्यांनी बॉनेट उघडलं असेल, समोरच डबा दिसला असेल, आणि हे काम राहिलंय असं वाटून त्यांनी पाना उचलला असेल. डबा म्हातारा होऊन तडकला नव्हता. त्यांनी आवळून आवळून त्याचे बोल्ट बसायचे कान फोडले होते, आणि ती चीर कानातून भिंतीत उतरली होती.

बारकी स्टुलावर बसली. तिला रडू येईल असं वाटलं, पण त्याआधी दुसरंच काहीतरी आठवलं. चाकं.

चाकं मिस्त्रींनीच बदलली होती. काल तिनं स्वतः बघितलं होतं. म्हणजे, नटांवरचे ठिपके बघितले होते. एकेक टपोरा, पांढराशुभ्र, न तडकलेला ठिपका. ती पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवी बसली. पान्याची गरजच पडली नाही. तिनं नट दोन बोटांत धरला आणि तो फिरला. दुसरा फिरला. तिसराही. ठिपके तडकून रंगाच्या कपच्या फरशीवर पडत होत्या. गाडी जॅकवर असताना नट हातानं लावायचे, आणि चाक जमिनीला टेकलं की मग पान्यानं शेवटचा पीळ द्यायचा, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. मिस्त्रींनी नट लावले, गाडी खाली घेतली, बाटली काढली आणि ठिपके दिले. मधला पीळ तेवढा ते विसरले होते.

पहिल्या वळणाला नसतं, तर दुसऱ्याला चाक निघालं असतं. उद्या सकाळी. आत मुलं असताना.

ती तशीच फरशीवर बसलेली असताना मावशी गाडी न्यायला आल्या. बारकीचा चेहरा बघून त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि काही न विचारता समोरच्या स्टुलावर टेकल्या. बारकीनं सगळं सांगितलं. लपवायचं तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं होतं, आणि तिला त्याची लाजही वाटली.

मावशींनी वाकून चाकाचा एक नट स्वतः बोटांनी फिरवून बघितला.

"मुलं बसतात गं त्यात," त्या म्हणाल्या.

"हो, मावशी."

"सुटीआधी मी आले होते ना, तेव्हा मिस्त्रींनी मला विचारलं, यजमान कसे आहेत. मी म्हटलं, ते गेले की हो. त्यांना फार वाईट वाटलं. मग चहा आला, आणि चहा पिता पिता पुन्हा विचारलं, यजमान कसे आहेत." मावशींनी पदरानं नाक पुसलं. "दुसऱ्यांदा मी म्हटलं, बरे आहेत. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही बघ."

"मी पण बघितलं नाही. ठिपका बघितला, चाक नाही."

"आपण सगळेच ठिपकाच बघत आलो, बारके." मावशी उठल्या. "त्यांना मी काही बोलणार नाही. पण तू बोल. आजच बोल. उद्यावर ढकललंस तर उद्या तुझाच धीर सुटेल."

बारकीनं मावशींच्या देखत सगळी चाकं आवळली, ब्रेक तपासले, स्टिअरिंगच्या सांध्यांना हात घालून बघितला. तुटलेला बोल्ट ड्रिलनं कोरून काढला, आटे नव्यानं पाडले, नवा डबा बसवला. हे सगळं झाल्यावर सवयीनं ती थांबली. एरवी या जागी बाबा खिशात हात घालायचे. ती तशीच बाजूला झाली आणि व्हॅन ठिपक्याविना बाहेर पडली.

मिस्त्री चहाच्या वेळेला आले. केस पाणी लावून चोपून बसवलेले, खिशात बाटली. मावशींच्या व्हॅनची जागा रिकामी दिसताच त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"गाडी नेली? मला न दाखवता?"

"बाबा, जरा बसा."

"डब्याचे बोल्ट बघायचे होते मला. मघाशीच मनात आलं होतं."

बारकीनं रंगाचा गोळा त्यांच्या तळहातावर ठेवला. मिस्त्रींनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि गोळा उलटसुलट करून बघितला. आयुष्यभर तुटक्या वस्तू बघून त्या कशा तुटल्या ते सांगणारा माणूस. त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत.

"रोज आवळलाय कोणीतरी," ते म्हणाले. "कुठल्या गाढवानं हे केलं?"

मिस्त्रींनी पुन्हा गोळ्याकडे बघितलं, मग खिशाकडे हात नेला आणि तो तिथंच राहिला.

"मी?"

"हो, बाबा. आणि चाकांचे नट... ते आवळायचेच राहिले होते. ठिपके होते, पण नट सैल होते."

आधी ते हसले. मग चिडले. म्हणाले, तुझी आई असती तर तुझी असं बोलायची छाती झाली नसती; मी पाना धरला तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता; एक तरी चाक निघाल्याचं दाखव. बोलता बोलता त्यांच्या आवाजातला जोर गेला. "मुलांची गाडी," ते म्हणाले. टेबलावरचा पाना त्यांनी पुसून ठेवला, आणि नीट पुसलेला नाही असं वाटून पुन्हा उचलला, पुसला आणि ठेवला. त्या रात्री ते जेवले नाहीत. बारकी त्यांच्या दाराबाहेर उभी राहून परत गेली. सांगायचं ते सांगून झालं, यापेक्षा वाईट काही नाही, असं तिला वाटलं होतं.

वाईट दुसऱ्या दिवशी आलं. मिस्त्री सकाळी चुन्यासारखा स्वच्छ शर्ट घालून, हात चोळत गॅरेजात हजर झाले. "मावशींची गाडी झाली का? डब्याचे बोल्ट बघायचेत मला."

रात्र त्यांनी पुसून टाकली होती. बारकीला पुन्हा सगळं सांगावं लागलं. तेच हसू, तोच राग, आणि मग तोच चेहरा, वाक्याच्या मधेच विझणारा. तिसऱ्या दिवशीही तेच. त्यांना जखम रोज नवी होती आणि तिच्या मात्र ती अंगात मुरत चालली होती. चौथ्या दिवशी त्यांना अंगणातून येताना बघितलं आणि बारकीला कळून चुकलं की हे आपल्याच्यानं होणार नाही. गाडीला हात लावू द्यायचा नाही, हे पक्कं. पण रोज सकाळी बापाला तुम्ही निकामी झालात असं सांगायचं, याला लागणारं काळीज तिच्याकडे नव्हतं. कोणाकडे असतं, मला माहीत नाही.

मावशींचा जुना डबा अजून कोपऱ्यात पडला होता. तिनं त्याची चीर चिकटवली, भंगारातून एक लोखंडी पट्टी काढून टेबलावरच्या शिकंज्यात घट्ट पकडली, आणि तिच्यावर डबा ठेवून चार नवे बोल्ट शेजारी मांडले.

"बाबा, हा डबा बसवायचाय. कान नाजूक आहेत, तुमच्याशिवाय जमणार नाही."

मिस्त्रींनी डबा सगळ्या बाजूंनी बघितला. "कोणीतरी वाट लावलीय याची," म्हणाले, आणि कामाला लागले.

तेव्हापासून ते रोज चालू झालं. मिस्त्री सकाळी डबा बसवायचे, प्रत्येक बोल्टवर ठिपका द्यायचे, हात पुसून चहा मागायचे. मग दिवसभर दारातल्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कामाची माहिती द्यायचे. मावशी मुलांना सोडून परतताना मुद्दाम गाडी थांबवून विचारायच्या, "मिस्त्री, झाला का डबा?" आणि ते म्हणायचे, "झाला. आता वर्षभर बघायला नको." संध्याकाळी ते घरात गेले की बारकी पाना घ्यायची. त्यांनी दिलेला पीळ अजून दणकट असायचा. रोज मनगटावर जोर येऊन तिच्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. चारही बोल्ट सोडवून ती थिनरच्या फडक्यानं ठिपके पुसायची, आणि डबा उद्यासाठी सुटा करून ठेवायची. आपण बापाला फसवतोय हे तिला डाचायचं. दिवसभर तो माणूस सुखात असतो, हे त्यावरचं औषध होतं. काही दिवस ते पुरायचं, काही दिवस नाही.

एका संध्याकाळी कोणाची तरी गाडी रस्त्यात बंद पडली म्हणून बारकीला जावं लागलं. परत आली तेव्हा गॅरेजात दिवा होता आणि मिस्त्री टेबलापाशी बसले होते. डबा उघडा होता. शेजारी पुठ्ठ्याचा एक तुकडा, त्यावर पेन्सिलीनं डब्याचं चित्र, आणि जो बोल्ट जिथला तिथं भोक पाडून खोचलेला. फार पूर्वी, ती शिकत होती तेव्हा, तिच्याकडून बोल्ट हरवू नयेत म्हणून ते असं करून द्यायचे. हवेत थिनरचा वास होता. बोल्टांची डोकी स्वच्छ होती.

बारकी दारातच थांबली.

"काढून ठेवलेत," मिस्त्री म्हणाले. "तुझा अंगठा दुखतो. सकाळी कप धरताना बघितलं मी."

"बाबा... तुम्हाला माहीत आहे?"

"आज माहीत आहे." ते तिच्याकडे न बघता फडक्यानं हात पुसत होते. "उद्याचं मला विचारू नकोस."

ती जाऊन त्यांच्याशेजारी बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते येऊ दिलं. मिस्त्रींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तेलकट आहे असं लक्षात येऊन उचलला, आणि मग असू दे म्हणून पुन्हा ठेवला.

थोड्या वेळानं त्यांनी खिशातून बाटली काढली आणि तिच्या हातात दिली.

"ही तुझ्याकडे ठेव. पांढरा ठिपका आता तू द्यायचास. आवळून बघशील आणि मगच देशील. लोक त्याच्यावर मुलं बसवतात."

"आणि तुम्ही?"

"मला दुसरा कुठला तरी रंग भरून दे. निळा दे. म्हणजे माझा कुठला आणि खरा कुठला, यात कधी घोटाळा होणार नाही." त्यांनी तिची बोटं बाटलीवर मिटली. "मी मागितली तरी ही परत देऊ नकोस. रागावलो तरी नको. मी खूप रागावेन बहुतेक."

"नाही देणार," बारकी म्हणाली.

रात्री तिनं एका रिकाम्या बाटलीत निळा रंग भरून त्यांच्या उद्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला. आईची बाटली तिनं स्वतःच्या खिशात घातली. ती इतकी हलकी असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

सकाळी मिस्त्री हात चोळत आले. उघडा डबा आणि पुठ्ठ्यात खोचलेले बोल्ट बघून म्हणाले, "चित्र छान काढलंयस. शिकलीस म्हणायची." मग त्यांनी एकेक बोल्ट बसवला, जपून आवळला, पाना खाली ठेवला आणि खिशात हात घातला. बाटली उजेडात धरून त्यांनी ती हलवून बघितली.

"हे काय? पांढरा कुठं गेला?"

बारकीचा हात आपल्या खिशावर गेला. काचेचा गोल तळ तिच्या बोटांना कापडातून लागत होता.

"संपलाय, बाबा."

"मग आणून ठेव. निळ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"आणते," ती म्हणाली.

मिस्त्रींनी मान हलवली, झाकण उघडलं, आणि काम अडू नये म्हणून तेवढ्यापुरता निळा ठिपका दिला.